शेवटची बस, बंद दिवा आणि पत्राची पोच: ठाण्यात बायकांचा रोजचा प्रवास सुधारायचा तर

रात्री पावणेदहाची वेळ. ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनालगतच्या बसच्या उंच पुलाच्या, खाली शेअर रिक्षाची रांग लागलेली. रिक्षात मागे दोन पुरुष बसलेत, तिसरी सीट रिकामी आहे आणि रांगेत पुढचा नंबर एका बाईचा आहे. रिक्षावाला मान वळवून म्हणतो, "बसा ना मॅडम, एकच सीट." बसायचं की पुढच्या रिक्षाची वाट बघायची, हे तिला दोन सेकंदांत ठरवायचं असतं. ती बसते. बसता बसता खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या आणि शेजारच्याच्या मधे ठेवते. ही विद्या कुणी कुणाला शिकवत नाही, पण सातवीतल्या मुलीपासून निवृत्तीला आलेल्या बाईपर्यंत सगळ्यांना येते.

ट्रान्सहार्बरची लोकल २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मी ठाणे-वाशी करते आहे. घर घोडबंदर रस्त्याच्या बाजूला. इतक्या वर्षांत सल्ले भरपूर मिळाले: स्प्रे ठेव, लोकेशन पाठव, उशीर करू नकोस. स्प्रे आणि लोकेशन ठीक आहे. पण जिची ड्युटीच रात्री नऊला संपते त्या नर्सला उशीर करू नकोस म्हणून काय उपयोग? तिच्या रस्त्यावरचा दिवा लागला पाहिजे आणि शेवटची बस वेळेवर आली पाहिजे. गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीतल्या पाच-सहाजणी आणि कामाला येणाऱ्या दोन मावशी मिळून हेच करतोय. काय जमलं, काय फसलं आणि काय करावं लागतं, ते क्रमाने लिहिते.

आधी हद्द ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आमचं पहिलं पत्र आम्ही चुकीच्या दारात टाकलं. चार महिन्यांनी एका कार्यालयातून उत्तर आलं, "सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही." कुणाच्या अखत्यारीत येते, ते लिहिण्याची तसदी घेतली नव्हती.

म्हणून एका कागदावर घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा रस्ता काढा आणि प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव लिहा.

गाडी, फलाट आणि रेल्वेचा पूल ही रेल्वेची हद्द. तिथे खाकीतली दोन दलं असतात. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, हे रेल्वेचं स्वतःचं; ते माणसाला पकडू शकतं, ताब्यात देऊ शकतं. लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे, आणि विनयभंगासारखा गुन्हा तेच नोंदवतात. रेल्वेची हेल्पलाइन १३९ (जुना १८२ हा नंबर २०२१ मध्ये तिच्यातच मिसळला), लोहमार्ग पोलिसांची १५१२.

पूल उतरून सॅटिसवर आलात की शहर पोलिसांची हद्द. नंबर ११२.

बसमध्ये काही घडलं तर एका प्रसंगाच्या दोन तक्रारी होतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. हात लावणाऱ्याची तक्रार पोलिसांकडे. ओरडूनही वाहकाने बस थांबवली नाही, याची तक्रार परिवहन सेवेकडे: ठाण्यात टीएमटी, पलीकडे नवी मुंबईत एनएमएमटी. दोन्ही एकाच कागदावर लिहिल्या की दोन्ही टेबलांवरचे लोक समोरच्याकडे बोट दाखवतात.

रिक्षाचं सगळ्यात गुंतागुंतीचं. परवाना आणि चालकाचा बॅज आरटीओकडे. पाटीवर एमएच ०४ असेल तर ठाणे, ०५ असेल तर कल्याण, ४३ असेल तर वाशी. रस्त्यावरची शिस्त, स्टँडवरची दादागिरी आणि चौथी सीट हा वाहतूक पोलिसांचा विषय. भाडं ठरवतं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ ला २६ रुपये झालं आणि रात्री बारा ते पहाटे पाच त्यावर २५ टक्के जास्त. स्टँडवर "रात्रीचा रेट आहे" असं साडेनऊलाच ऐकू आलं तर हे पाठ असलेलं बरं.

रस्त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा. त्यासाठी आधी आपल्या प्रभाग समितीत जायचं. वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, नौपाडा-कोपरी, कळवा, मुंब्रा, दिवा अशा त्या वेगवेगळ्या आहेत. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे झालेली अंधारी बोळ मात्र एमएमआरडीएची, म्हणजे मेट्रो बांधणाऱ्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाची. एकाच नाक्यावर तीन खाती भेटतात, त्यामुळे तीन पत्रं करावी लागली तरी कंटाळू नका.

प्रसंग घडतोय तेव्हा

यावर थोडक्यातच लिहिते, कारण त्या क्षणी काय सुचेल हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. ओरडता आलं नाही म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये. मी स्वतः दोनदा गप्प बसले आहे.

आवाज निघाला तर नाव नसलेल्या गर्दीला हाक मारू नका, एका माणसाला मारा: "ओ निळा शर्ट, जरा इकडे या." गर्दीला हाक मारली की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. बसमध्ये थेट वाहकाला सांगा, "मला हात लावलाय, बस बाजूला घ्या."

लोकलची साखळी ओढण्याआधी एक विचार करा. सबळ कारण असेल तर ती ओढणं गुन्हा नाही, पण गाडी दोन स्टेशनांच्या मधे उभी राहते आणि तिथे मदतीला कुणी नसतं. जिवावरचं नसेल तर १३९ किंवा १५१२ लावून पुढच्या स्टेशनात उतरणं बरं. फोनवर पहिल्या वाक्यात तीन गोष्टी सांगा: कुठून कुठे जाणारी गाडी, पुढचं स्टेशन, डबा. डब्याचा क्रमांक आत, दाराच्या वरच्या बाजूला किंवा भिंतीवर रंगवलेला असतो. रोजच्या गाडीत एकदा बघून ठेवा. हा क्रमांक नसला की नंतर कॅमेऱ्याचं चित्रण शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

रात्री अकरानंतर काही लेडीज डबे सर्वांसाठी खुले होतात, काही चोवीस तास बायकांचेच राहतात. ते डब्यावर लिहिलेलं असतं. बायकांच्या राखीव डब्यात शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली गुन्हा आहे, त्यामुळे "चुकून चढलो" म्हणणाऱ्याला पुढच्या स्टेशनात उतरा सांगणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. आणि पोटुशी बाई दिव्यांगांच्या डब्यात चढू शकते. ठाण्याच्या फलाटावर सातव्या महिन्यात फास्ट लोकलशी झटापट करणाऱ्या कितीतरीजणींना हे माहीत नसतं.

बाजूला उभ्या असलेल्यांसाठी: त्या माणसाला झोडपून काढायची हौस आवरा. मारहाण झाली की केस तिची राहत नाही, तुमची होते. त्या मुलीशी बोला. "अगं, तू इथे? ये, इकडे उभी राहा," एवढं ओळखीचं वाक्य पुरतं. मधे उभं राहायचं, वेळ आणि डबा टिपायचा, आणि ती तक्रार करणार असेल तर साक्षीदार म्हणून स्वतःचा नंबर द्यायचा. बघे पुष्कळ असतात, नंबर देणारा एखादाच निघतो.

पोलिसांत तक्रार

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून मोबाइलवर फिरणारे ३५४ आणि ५०९ हे जुन्या दंड संहितेचे आकडे विसरा. आता कलम ७४ म्हणजे विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर, शिक्षा एक ते पाच वर्षं. ७५ म्हणजे लैंगिक छळ. नकोसा स्पर्श, अश्लील शेरे, मागणी हे सगळं त्यात येतं. ७८ म्हणजे पाठलाग, रोज त्याच डब्यापर्यंत मागे येणं. ७९ म्हणजे शब्द, हावभाव, इशारे.

ही चारही कलमं दखलपात्र आहेत. म्हणजे यात एफआयआर व्हायला हवा. "एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) घेतो, चालेल का?" असं विचारलं तर शांतपणे म्हणा, "साहेब, कलम दखलपात्र आहे." आमच्यातल्या एकीला एका पोलीस ठाण्यात एनसीचा कागद देऊन घरी पाठवलं होतं आणि तिला वाटलं, झालं काम. सहा महिन्यांनी कळलं की तपास सुरूच झाला नव्हता. एनसीवर तो आपोआप होत नाही.

जाण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी. घटना कळव्याला घडली आणि तुम्ही ठाण्यात उतरलात, तरी कुठलंही पोलीस ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवू शकतं. या कलमांत बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पोलीस ठाण्याने नोंदवायला नकारच दिला तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालतं, फक्त उशीर का झाला ते एका वाक्यात लिहा: घाबरले होते, मूल घरी एकटं होतं, काहीही असो, खरं ते.

जबाबात "छेड काढली" एवढंच लिहून थांबू नका. या शब्दात काहीही बसतं, म्हणून वकील त्यातून काहीही काढतो. काय घडलं ते सरळ लिहा: "मी दाराच्या डाव्या बाजूला उभी होते. त्याने मागून उजवा हात माझ्या कमरेला लावला. मी पुढे सरकले, तेव्हा पुन्हा लावला." हे लिहिताना लाज वाटते, मान्य. पण 'पुन्हा' हा शब्द फार महत्त्वाचा, कारण एकदा धक्का लागू शकतो, सरकल्यावर पुन्हा लागतो तेव्हा हेतू दिसतो.

त्याच दिवशी आणखी एक अर्ज करा: "अमुक फलाटावरील अमुक वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे." चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि तपास त्याआधी तिथवर पोचेलच असं नाही. तिकीट टाकू नका. बसच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. रिक्षाचे पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्याची नोंद वेळेसकट राहते, आणि नाव कळतं ते वेगळंच.

मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. मग ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक होतं, आणि जबाब घ्यायला येणारा अधिकारी गणवेशात नसावा अशी तरतूद आहे. शाळेने "नाव जाईल, मिटवून टाकू" म्हटलं तर हे ऐकवा.

शेअर रिक्षा

शेअर रिक्षा बंद करा म्हणणाऱ्यांना ती वापरावी लागत नाही. ती नसेल तर स्टेशनापासून घोडबंदरला जाणाऱ्या बाईने रोज मीटरचे पैसे भरायचे, किंवा बसच्या रांगेत पाऊण तास काढायचा. ती हवीच, फक्त तिची शिस्त बदलायला हवी.

एक युक्ती कुणाच्या परवानगीशिवाय आज रात्री करता येते. रांगेतच तिघी जमवायच्या. मी सरळ मोठ्याने विचारते, "मानपाडा, लेडीज तिघी?" पहिल्या दिवशी लोकांनी वळून बघितलं. पंधरा दिवसांत मागून कुणीतरी दुसरीच ओरडायला लागली. आता साडेनऊनंतर त्या रांगेत हे नेहमीचं झालंय आणि रिक्षावाल्यांनाही बरं वाटतं, कारण रिक्षा लवकर भरते.

चौथ्या सीटचं मात्र ठाम राहा. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. चालकाच्या बाजूला अर्ध्या मांडीवर बसलेली कॉलेजची मुलगी हे दृश्य इतकं रोजचं झालंय की त्यात चूक आहे हे कुणाला खटकतही नाही. गाडीचा नंबर, वेळ, स्टँड टिपून वाहतूक पोलिसांकडे द्यायचं. एकटीने एकदा दिलं तर काही होत नाही. आम्ही महिनाभराच्या नोंदी एकत्र दिल्या तेव्हा संध्याकाळी स्टँडवर माणूस उभा राहू लागला, निदान काही दिवस.

त्याआधी रिक्षा संघटनेच्या शाखेत जाऊन बसलो होतो. चहा झाला, कुरकुर झाली. मग एका वयस्कर चालकाने विचारलं, "माझी पोरगी पण याच लायनीत उभी असते, काय करू सांगा." त्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या: भाड्याचा फलक, स्टँडच्या टोकाला दिवा, आणि साडेनऊनंतर तिघी बायका असतील तर त्यांना आधी रिक्षा. फलक लागला. दिव्याला वर्ष लागलं.

धोक्याच्या बटणाविषयी एक गैरसमज आहे. टॅक्सी, बस अशा प्रवासी गाड्यांना जागा दाखवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण लावण्याचा केंद्राचा नियम आहे, पण तीनचाकी त्यातून वगळलेल्या आहेत. रिक्षात बटण शोधू नका. टॅक्सीत ते दिसलं तरी चालू आहे का, हे बसतानाच विचारा.

अबोली रंगाच्या, बायकांनी चालवायच्या रिक्षा ठाण्यात दिसतात. कमीच दिसतात, कारण परवाना मिळाला तरी कर्ज, रात्रीचं पार्किंग आणि स्टँडवरचं स्वच्छतागृह हे प्रश्न तसेच उरतात.

चालून बघा

पत्राला वजन येतं ते नोंदींनी. "आमच्या भागात असुरक्षित वाटतं" या वाक्याला कुठलाही अधिकारी "होय, लक्ष घालतो" म्हणून वाटेला लावू शकतो. "खांब क्रमांक अमुक ते अमुक, सलग चार दिवे बंद, तीन वेगवेगळ्या रात्री पाहणी" या वाक्याला तसं करता येत नाही.

गट पाच-सहाजणींचा पुरे, पण एकसारख्यांचा नको. आमच्यात पोळ्यांचं काम करणाऱ्या मावशी होत्या, बारावीतली मुलगी होती, गुडघे दुखणाऱ्या आजी होत्या. प्रत्येकीला रस्ता वेगळा दिसतो. मला कधी न खुपलेली गोष्ट मावशींनी पहिल्या दहा मिनिटांत दाखवली: थांब्याच्या मागे रात्री उभ्या राहणाऱ्या खासगी बसगाड्या. दोन गाड्यांच्या मधली फट म्हणजे पुरुषांची मुतारी, आणि तिच्या तोंडाशी आमचा थांबा.

तीनदा चाला: पहाटे सहाच्या सुमारास, दुपारी दीडला आणि रात्री साडेनऊनंतर. दुपारची वेळ लोक वगळतात. पण घरकामाच्या बायका तेव्हाच परततात, आणि ओस रस्ता म्हटलं की रात्रच डोळ्यांसमोर आणायची सवय आपण लावून घेतली आहे.

काय टिपायचं? दिव्याचा खांब क्रमांक, चालू की बंद, की झाडाच्या फांदीआड. उजेड मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून साधी कसोटी लावली: समोरून येणाऱ्याचा चेहरा किती पावलांवरून ओळखू येतो. दहा पावलांच्या आत आल्यावरच ओळखू येत असेल तर उजेड कमी, असं लिहायचं. पदपथावर दोघी शेजारी चालू शकतात का. थांब्यावर बसून येणारी बस दिसते की रस्त्यावर उतरून वाकून बघावं लागतं. दोनशे पावलांत एखादं उघडं दुकान आहे का; औषधाचं दुकान, पानपट्टी, वडापावची गाडी, काहीही. (आमच्या नाक्यावरची वडापावची गाडी अतिक्रमणात उचलली गेली, त्या आठवड्यात तिथून जाणाऱ्या प्रत्येकीला अंधार वाढल्यासारखा वाटला. दिवे तेवढेच होते.) स्वच्छतागृह कागदावर आहे की उघडं आहे, कडी लागते का, रात्री दहाला कुलूप असतं का.

उड्डाणपूल असलेल्या नाक्यांवर आणखी एक गोष्ट बघा: बस पुलावरून जाते की खालून? वरून गेली तर खालच्या थांब्यावरची बाई उभीच राहते आणि ती बस तिच्यासाठी सुटलेलीच नसते. आमच्याकडच्या एका मार्गाची हीच गोम होती, आणि मोबाइलवर मात्र "बस येऊन गेली" असं दिसायचं.

फोटो काढा, पण माणसांचे चेहरे नकोत. प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, खांब क्रमांक. नकाशा हाताने काढलेला चालतो. आमचा नकाशा बारावीतल्या मुलीने चार्टपेपरवर काढला, बंद दिव्यांना काळा ठिपका. सभेत तो टेबलावर पसरला तेव्हा बोलायची गरजच पडली नाही.

पत्र आणि पोच

पत्र एका पानाचं असावं. एका पत्रात एकच खातं, एकच मागणी. आमचा मसुदा साधारण असा असतो:

*प्रति, मा. सहायक आयुक्त, ……… प्रभाग समिती. विषय: ……… थांबा ते ……… गेट या मार्गावरील पथदिवे सुरू करणेबाबत. महोदय, दि. ………, ……… व ……… रोजी रात्री ९.३० ते १०.३० या वेळेत वरील मार्गाची पाहणी केली. खांब क्र. ……… ते ……… येथील दिवे तिन्ही वेळा बंद आढळले. या मार्गावरून रात्री ९ नंतर कामावरून परतणाऱ्या महिलांची एका तासातील मोजणी ……… इतकी आहे. दिवे सुरू करून तसे लेखी कळवावे. सोबत नकाशा व फोटो. आपल्या विश्वासू, ………*

मोजणीचा आकडा खरा लिहा. आमचा पहिला आकडा छोटाच निघाला आणि कुणीतरी म्हणालं, फुगवून लिहू. आम्ही नाही लिहिला. नंतर एक अभियंता स्वतः रात्री बघायला आला तेव्हा ते बरं झालं.

पत्र आवक-जावक विभागात द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. साहेबांच्या हातात पत्र देऊन, त्यांच्यासोबत फोटो काढून परत आलेले लोक मी पाहिले आहेत. पोच नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा. तीस दिवसांनी स्मरणपत्र, त्यावर जुना आवक क्रमांक.

त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. "बस का येत नाही?" असं विचारू नका, मतं आणि कारणं विचारली की उत्तर टाळायला जागा मिळते. कागद मागा: "मार्ग क्र. ……… वर दि. ……… ते ……… या काळात रात्री ९ नंतर नियोजित फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या यांची तारीखवार नोंद. रद्द फेऱ्यांच्या नोंदीची प्रत." हा एक अर्ज दहा निवेदनांना भारी आहे. वेळापत्रकात बस असते आणि रस्त्यावर नसते, या तक्रारीला पहिल्यांदाच लेखी पुरावा मिळतो.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर नगरसेवकांना आठवण करून द्या की महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखायचा असतो. शिवणयंत्रं वाटून झाली असतील तर एखादं स्वच्छतागृह त्यातून होऊ शकतं का, हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे दिवाळी झाली की लगेच विचारायचा. मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो.

बस: वेळ, थांबा, भाडं

आमच्या मावशींच्या दिवसात चार बस असतात. सकाळी पावणेसहाला कामाला, दुपारी दीडला घरी, चारला पुन्हा कामाला, रात्री साडेआठला परत. मधे मुलाला शिकवणीला सोडणं आणि बाजार. ऑफिसला जाणाऱ्या पुरुषाच्या दोन. तरी गाड्या कुणाच्या वेळांना जास्त असतात? दुपारी एक ते चार फेऱ्या विरळ होतात आणि त्याच वेळी बायका थांब्यांवर उभ्या असतात. तेजस्विनी योजनेतल्या बायकांसाठीच्या बसगाड्यांचं मला कौतुक आहे, पण एक गुलाबी बस सकाळी आठला सोडण्यापेक्षा दुपारी दोनच्या दोन साध्या फेऱ्या मावशींना जास्त उपयोगी पडतात. हे मत माझं. आमच्याच गटातल्या दोघींना पटत नाही.

परिवहन व्यवस्थापकांकडे आम्ही मागितलेल्या गोष्टी: पहाटेच्या पहिल्या फेरीची वेळ, दुपारच्या दोन फेऱ्या आणि रात्री दहानंतर थांबे सोडूनही बाईने सांगितलं तिथे, उजेडाच्या जागी, बस थांबवावी. शेवटच्या मागणीला खर्च शून्य, एक परिपत्रक पुरतं. पहिली मागणी मान्य झाली, वीस मिनिटांनी फेरी अलीकडे आली. तिसरीवर अजून "विचाराधीन" आहे.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ते एसटीचं, शहर बसच्या सवलती त्या त्या परिवहन सेवेच्या स्वतंत्र असतात. एसटी आणि शहर बस एकाच थांब्यावर येतात तिथे यावरून वाहकाशी रोज हुज्जत होते. थांब्यावर तिकिटाचा फलक मागा, भांडण मिटतं.

कळवा, मुंब्रा, दिवा इथल्या बायकांना आमचे हे प्रश्न सुखवस्तू वाटत असतील, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना आधी गाडीत शिरायचं असतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खचाखच लोकलमधून पडून प्रवासी गेले. त्या पट्ट्यात दिव्याहून सुटणारी लोकल ही मागणी म्हणजेच सुरक्षेची मागणी, तिला वेगळं नाव द्यायची गरज नाही.

ऑफिसची गाडी

ऐरोली, घणसोली, महापे इथे रात्रपाळी करणाऱ्या मुलींसाठी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. दारापर्यंत, हायवेवर उतरवून नव्हे. ऑफिसने दिलेली गाडी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाची जागाच धरली जाते. म्हणजे गाडीतल्या सहकाऱ्याची किंवा चालकाची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करता येते, तीन महिन्यांच्या आत. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. चालकाला तुमचा नंबर दिसतो का आणि शेवटी उतरणारी बाई गाडीत एकटी असते का, हे दोन प्रश्न ईमेलने विचारा, तोंडी नको.

गट टिकवायचा तर

दोन महिन्यांत निम्म्याजणी गळतात, हे धरूनच चला. परीक्षा, लग्नं, सासूबाईंचं आजारपण. महिन्यातून पाहणीची एकच चाल ठेवा आणि कामं लहान करा: एकीकडे फोटो, एकीकडे आवक क्रमांकांची वही, एकीकडे फोन. मावशींना सभेला बोलावलंत तर त्यांचा एका घराचा खाडा होतो. सभा रविवारी संध्याकाळी ठेवा, नाहीतर त्या घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पावसाळा संपला की पुन्हा एक चाल हवीच. चार महिन्यांत फांद्या वाढून दिव्यांवर आलेल्या असतात, खांबांचे क्रमांक धुऊन गेलेले असतात. अधिकारी बदलला की पूर्ण फाइलची प्रत घेऊन नव्यांना पहिल्या पंधरवड्यात भेटा. आमच्या फाइलने आतापर्यंत तीन साहेब पाहिले. तिसऱ्यांनी नकाशा उलटसुलट करून विचारलं, "हे काळे ठिपके काय?" आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "मग इथला एक पुसा, परवाच लावलाय." त्या रात्री जाऊन बघितलं. लागला होता. ठिपका पुसला, आणि शेजारचा, जो गेल्या वेळी चालू होता, तो काळा केला.